कौतुक हवंय की चावी?

प्रश्न: वय ३६. डोंबिवलीला राहते, मुलगी शाळेत आहे. बॅलार्ड इस्टेटला एका कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात नऊ वर्षं इम्पोर्टचे कागद बघते. गेल्या महिन्यात एका पार्टीच्या (म्हणजे गिऱ्हाईक कंपनीच्या) मशिनरी पार्टला चुकीचा एचएस कोड, म्हणजे ज्यावरून ड्यूटी ठरते तो मालाचा नंबर, लागत होता, तो मी पकडला. साहेबांनी माझ्यासमोर पार्टीला फोनवर सांगितलं, 'मी बघितलं म्हणून वाचलात.' कस्टमच्या जी कार्डच्या परीक्षेला बसते म्हटलं तर म्हणतात, 'कशाला, मी आहे ना.' ऑफिसात नवीन मुलगी आलीय. तिला मी माझी शीट दाखवत नाही, उद्या तीही स्वतःचं नाव लावेल. घरी सासूबाईंच्या तोंडून कधी चांगला शब्द नाही, पण त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सुट्टी मीच घ्यायची. नवऱ्याला काम सांगितलं तर करतो, पण मला परत करावं लागतं. (लोकल गाडीतल्या बारा जणींची दोन-दोन हजारांची भिशी पाच वर्षं मी सांभाळते, तेवढाच विरंगुळा.) मला कुणी मानतच नाही. माणसांवर विश्वास ठेवावा की नाही हेच कळेनासं झालंय. मी बदलू की नोकरी बदलू?

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही कंसात टाकलीत. भिशीची. तिच्याकडे येतेच, पण आधी माझी एक फजिती ऐका.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत मी बावीस वर्षं पर्सोनेल खात्यात काढली. नव्वदच्या दशकात कधीतरी एका ट्रेनिंगला जाऊन आले आणि डोक्यात घेतलं की आपल्या कामगारांचं कौतुक होत नाही, ते व्हायला हवं. कॅन्टीनच्या दाराशी बोर्ड लावला, 'महिन्याचा उत्तम कामगार'. फ्रेममध्ये फोटो, शिवाय भिंतीवरचं घड्याळ बक्षीस. तीन-चार महिने बरं चाललं. मग कळलं की कामगारांनी आपापसात पाळी लावून घेतलीय, या महिन्यात तू, पुढच्या महिन्यात तो. पाचव्या महिन्याला टूल रूममधल्या एका जुन्या टूलमेकरची पाळी आली. तयार डायवरून, म्हणजे धातूच्या साच्यावरून, नुसतं बोट फिरवून सांगायचा की अजून थोडं घासावं लागेल, आणि मायक्रोमीटर नंतर तेच सांगायचा. हा गृहस्थ फोटो द्यायला तयार होईना. मी समजूत घालायला खाली शॉपवर गेले. कॉटन वेस्टला हात पुसत म्हणाला, "मॅडम, फोटो काय, मेल्यावर पण लावतात. चावी द्या."

टूल स्टोअरची चावी. कार्बाइडचे इन्सर्ट, म्हणजे मशीनवर धातू कापणारे छोटे तुकडे, चोरीला जातात म्हणून ती सुपरवायझरच्या कमरेला असायची आणि सुपरवायझर रात्री घरी. रात्रपाळीत इन्सर्ट तुटला की मशीन सकाळपर्यंत उभं. ज्या माणसाच्या हातच्या डायवर अर्धी कंपनी चालायची, त्याला बोटाच्या पेराएवढ्या इन्सर्टसाठी सकाळची वाट बघत बाकड्यावर बसावं लागायचं.

वर्क्स मॅनेजरला पटवायला मला दोन महिने लागले. चावी मिळाली त्या पहिल्या रात्री त्याने काय केलं, तर घरून एक दोनशेपानी वही आणली, पट्टीने रेघा मारल्या आणि रजिस्टर सुरू केलं. काय घेतलं, कुणी घेतलं, तुटका तुकडा परत आला का. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे मी तो फोटोंचा बोर्ड उतरवला तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

नंतर वाचनात आलं की मी तोंडावर आपटून जे शिकले ते आधीच मांडलेलं होतं. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंटांना विचारलं होतं, कामात सगळ्यात बरं कधी वाटलं आणि सगळ्यात वाईट कधी. १९५९ साली त्याचे निष्कर्ष आले. लोकांनी दाद मिळाल्याचे प्रसंग भरपूर सांगितले, पण त्या आनंदाचा असर फार दिवस पुरला नव्हता. जबाबदारी मिळाल्याचे प्रसंग संख्येने कमी, असर मात्र लांबवर टिकलेला. दाद म्हणजे फोटो, जबाबदारी म्हणजे चावी, असं मी माझ्यापुरतं करून टाकलं.

आता भिशी.

बारा जणी, दोन हजार, महिन्याचे चोवीस हजार. पाच वर्षांचे १४ लाख ४० हजार रुपये तुमच्या हातातून गेले. कागद नाही, सही नाही, कुणाचा जामीन नाही. काही जणी जीपे करत असतील, काही ठाण्याच्या आधी पर्समधून नोटा काढून देत असतील. या पाच वर्षांत त्यांच्यापैकी एकीने तरी तुम्हाला म्हटलंय का, 'तू किती प्रामाणिक गं'? मला नाही वाटत. म्हणायची वेळच येत नाही. ज्या बाईला आपले दोन हजार बिनधास्त देतो तिला ते बोलून दाखवत नाहीत, पुढच्या महिन्यात पुन्हा देतात. आणि तुम्ही लिहिता, मला कुणी मानतच नाही!

मग भिशीत जे आहे आणि ऑफिसात नाही, ते काय? कामं दोन्हीकडे तुम्हीच करता. फरक असा की भिशीत ठरवता तुम्ही. चिठ्ठ्या कधी काढायच्या, कुणाच्या घरी लग्न आहे म्हणून तिला नंबर पुढे घेऊ द्यायचा का, पैसे थकवणाऱ्या बाईला कधी बोलायचं, सगळं तुमच्या शब्दावर चालतं. ऑफिसात कोड तुम्ही शोधता आणि तो सांगण्याचा हक्क दुसऱ्याकडे असतो. चावीबरोबर कुलूप उघडायचा हक्क येतो. तो येत नसेल तर ते ओझं. आपल्याकडे, विशेषतः बायकांच्या बाबतीत, ओझं देताना 'तुझ्यावर विश्वास आहे म्हणून' असं म्हणायची पद्धत आहे. हे वाक्य ऐकलं की मी लगेच बघते, सोबत हक्क आलाय का.

सासूबाईंच्या ऑपरेशनला हीच परीक्षा लावून बघा. सुट्टी तुम्ही घेतलीत, ठीक. संमतीच्या फॉर्मवर नातेवाईक म्हणून सही कुणाची झाली? लेन्स कोणती बसवायची, इथली की इम्पोर्टेड, हे डॉक्टरांनी विचारल्यावर कुणी ठरवलं? तुम्ही ठरवलं असेल आणि सासूबाईंनी मान हलवली असेल, तर त्या बाईने आपले डोळे तुमच्या हवाली केले होते. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक मला तरी माहीत नाही. आणि बाहेर जाऊन मुलाला फोन लावून ठरवलं असेल, तर ते ओझं होतं. मग पुढच्या वेळी सरळ सांगायचं, 'आई, सुट्टी मी घेते, पण डॉक्टरांशी बोलेन मी आणि ठरवेनही मीच. नाहीतर यांना घेऊ दे सुट्टी.' आवाज न चढवता, चहा देता देता सांगता येण्यासारखं आहे हे.

त्यांच्या तोंडून चांगला शब्द येण्याची वाट मात्र बघू नका. आपल्याकडे तोंडावर कौतुक केलं की माणूस शेफारतो किंवा दृष्ट लागते, अशी एक पिढीच्या पिढी वाढलीय. गिरगावातल्या आमच्या चाळीत मी एसएससी झाले तेव्हा वडील मला एवढंच म्हणाले, 'गणितात कमी पडले.' आणि संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन तिन्ही मजले फिरून आले. हे मला शेजारच्या मावशींनी सांगितलं, तेही दोन दिवसांनी. मी वडिलांवर त्या दोन दिवसांचा राग पुढे बरीच वर्षं धरून होते, हा वेडेपणा निराळा. तुमच्या सासूबाई दुपारी शेजारी काय बोलतात हे एकदा शेजारणीला विचारा. काहीच बोलत नसतील तर तसंही कळेल.

साहेबांचं प्रकरण वेगळं आहे. तिथे नीट उलगडून बघू.

विश्वासाबद्दल बोलताना आपण एकच शब्द वापरतो, पण त्यात तीन धागे असतात. मेयर, डेव्हिस आणि शूरमन या तिघा अभ्यासकांनी १९९५ साली ते वेगळे करून दाखवले. समोरच्याला काम येतं का, त्याला माझं भलं हवंय का, आणि तो दिल्या शब्दाला, चार तत्त्वांना धरून वागतो का. मी माणसांना कागदावर तीन रकाने आखायला लावते. साहेबांना काम येतं, हे तुमच्या पत्रावरून दिसतंय. पगार वेळेवर देतात, गणपतीत हाफ डे सोडतात, मुलगी आजारी असताना ओरडले नाहीत, असं काही असेल तर दुसऱ्या रकान्यातही काहीतरी जमा आहे. तिसऱ्या रकान्यात एक खोट स्पष्ट आहे, तुमच्यासमोर तुमचं काम स्वतःच्या नावावर सांगितलं. पण एक सांगू? मी त्या फोनपेक्षा 'कशाला, मी आहे ना' याला जास्त घाबरले.

माझे मिस्टर तीस वर्षं क्लिअरिंगच्याच लाइनमध्ये होते, म्हणून यातलं थोडं कळतं. परीक्षा न दिलेल्या माणसाला एच कार्ड मिळतं. कस्टम खात्याची परीक्षा पास झालेल्याला जी कार्ड, आणि बिल ऑफ एंट्रीवरच्या, म्हणजे आयात मालाच्या कस्टमला द्यायच्या कागदावरच्या, डिक्लरेशनवर सही करायचा अधिकार ब्रोकर (म्हणजे तुमचे साहेब) त्यालाच देऊ शकतो. तुमच्या धंद्यात चावी कुठे लटकतेय हे इतकं उघड असताना तुम्ही नऊ वर्षं एच कार्डावर आहात. फोनवर नाव न घेणं हा कदाचित घमेंडीचा झटका असेल, पार्टीपुढे भाव मारायचा असेल. पण परीक्षेपासून लांब ठेवणं हे रोजचं आहे आणि ते त्यांच्या सोयीचं आहे. तुम्ही हुशार राहावं, पण सही करता येऊ नये.

तेव्हा श्रेय मागायला जाऊ नका. 'सर, त्या दिवशी तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत' असं म्हणालात की समोरचा माणूस एकतर ओशाळतो नाहीतर उखडतो, आणि दोन्हीत तुमच्या पदरात काही पडत नाही. पडलंच तर एक फोटो. तुम्ही भिशीचा नियम लावा. नवीन बाई भिशीत आली तर तिला कितवा नंबर देता? पहिल्या वर्षी शेवटचा, किंवा त्याच्या आसपासचा. कारण ज्या बाईला पहिल्याच महिन्यात चोवीस हजार मिळतात तिने पुढचे अकरा महिने भरले नाहीत तर बोंब. ती आधी भरून दाखवते, मग तिची उचल. तिच्यावर अविश्वास आहे म्हणून कुणी तिला बाहेर ठेवत नाही, आणि गोड बोलते म्हणून पहिला नंबरही देत नाही. हे गाडीतल्या प्रत्येक बाईला कळतं. ऑफिसात आणि घरात मात्र आपण एकतर डोळे मिटून सगळं देतो, नाहीतर एका अनुभवावरून कायमचं कुलूप घालतो.

साहेबांना शेवटचा नंबर द्या. म्हणजे काय, तर छोटी आणि मोजता येईल अशी मागणी. 'सर, या पार्टीच्या क्लासिफिकेशनच्या मेल यापुढे मी माझ्या नावाने टाकते, तुम्हाला सीसीत ठेवते. तीन महिने बघू. चूक झाली तर मला धरा.' शेवटचं वाक्य गाळू नका, सगळा जोर त्यातच आहे. ज्या कामातली चूक आपल्या नावावर लागत नाही, त्यातली चांगली गोष्टही आपल्या नावावर लागत नाही. आणि हे मार्चच्या अप्रेझलला नको, जहाज लागायच्या आदल्या संध्याकाळी तर नकोच. एखादं काम नीट पार पडल्यावर दोन दिवसांच्या आत, सकाळी, केबिनचं दार उघडं असताना.

दुसरं, वही. त्या टूलमेकरसारखी. तारीख, जॉब नंबर, काय सापडलं, काय केलं, काय वाचलं. शक्य तिथे आकडा टाका. बिल ऑफ एंट्री उशिरा गेलं की पहिले तीन दिवस रोजचे ५,००० आणि पुढे रोजचे १०,००० रुपये लेट फी, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. चार दिवस वाचवलेत तर २५,००० लिहा. ही वही साहेबांवर केस करायला नाही. सहा महिन्यांनी तुम्हालाच वाचायला आहे. नऊ वर्षं जी गोष्ट रोज करतो ती आपल्याला दिसेनाशी होते. मग ती दुसऱ्याने सांगावी असं वाटत राहतं, आणि दुसरा चुकला की आपण शून्य. नोकरी बदलायची वेळ आलीच तर मुलाखतीत 'नऊ वर्षांचा अनुभव' यापेक्षा हे चार प्रसंग जास्त बोलतील.

तिसरं, परीक्षा. याला परवानगी मागू नका, फक्त कळवा. कार्ड शेवटी ब्रोकरमार्फतच निघतं, त्यामुळे साहेबांना टाळून जमणार नाही हे खरं. पण अभ्यास सुरू करायला कुणाची सही लागत नाही. गाडीतला येता-जाता मिळून दोन-सव्वादोन तासांचा वेळ तुमच्याकडे आहे, बसायला मिळत असेल तर. 'सर, मी यंदा बसतेय, कागद तेवढे करून द्या' एवढंच सांगा. ते कागद करतात की फिरवतात, यावरून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळेल. मेल नाही टाकू दिल्या, तरी मी म्हणेन थांबा. कागद अडवले, तर वही पर्समध्ये घाला आणि दुसरीकडे बघा. भांडून नको. तुमची लाइन लहान आहे, फोर्टपासून न्हावा शेव्याच्या बंदरापर्यंत सगळे एकमेकांना ओळखतात.

आता जे तुम्हाला आवडणार नाही ते.

ती नवीन मुलगी. तिला तुम्ही शीट दाखवत नाही. म्हणजे तिने शोधलेली चूकही उद्या तुमच्या शीटमधून, तुमच्या नावाने वर जाणार. तिच्या जागी उभ्या राहून बघा, तुम्ही तिच्यासाठी साहेबच आहात, फक्त केबिन नाही. रागाने सांगत नाहीये. मी स्वतः माझ्या हाताखालच्या मुलीला तीन वर्षं ग्रॅच्युइटीचा हिशोब शिकवला नव्हता, आणि मग माझ्या आईच्या आजारपणात महिनाभर ऑफिसातून मलाच फोन यायचे. मी ते मोठ्या अभिमानाने उचलायचे. 'माझ्याशिवाय अडतं' या नशेत दुसऱ्याला वाढू दिलं नव्हतं, आणि स्वतः त्याच टेबलावर अडकून बसले होते. ज्याच्याशिवाय टेबल चालत नाही त्याला त्या टेबलावरून उठून वर कोण नेणार?

तिलाही शेवटचा नंबर द्या. सगळी शीट नको, एका पार्टीचे जॉब द्या. मेल तिच्या नावाने जाऊ दे, सीसीत तुम्ही. आणि पहिल्यांदा तिने काही पकडलं की साहेबांना सांगताना तिचं नाव घ्या, तिच्या समोर. हे साहेबांना टोमणा म्हणून करू नका, टोमणा असेल तर त्यांना बरोबर कळेल. सहज घ्या. ऑफिसात नाव घेण्याची पद्धत कुणीतरी सुरू करावी लागते.

नवऱ्याचं थोडक्यात. 'करतो, पण मला परत करावं लागतं.' परत करावं लागतं, की करवतं? घडी वाकडी घातलेला टॉवेल अंग पुसायला चालतो. तुम्ही उलगडून पुन्हा घडी घालता तेव्हा त्याला एवढंच कळतं की इथे आपलं काम मोजत नाहीत, आणि तो सोफ्यावर जाऊन बसतो. त्याचा आळस मी झाकत नाहीये. पण बारीकसारीक सोळा कामं सांगण्यापेक्षा एक अख्खं खातं द्या, हक्कासकट. मुलीची शाळा द्या. फी, वह्या, गणवेश, पालकसभा, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज, सगळं. आणि तुम्ही त्या ग्रुपमधून बाहेर पडा. हे शेवटचं ऐकून माझ्याकडे येणाऱ्या बायकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. ग्रुपमध्ये राहिलात तर चावी दिलीच नाही, नुसती दाखवली.

पहिल्या महिन्यात तो काहीतरी विसरणार. पीटीच्या दिवशी मुलगी रोजच्या गणवेशात जाईल, बाई ओरडतील, ती रडत येईल. तुम्हाला आदल्या रात्रीच लक्षात आलेलं असेल, तोंडाशी आलेलं असेल. त्या रात्री काही बोलू नका, झोपून जा.